अळणीचा माळ

पाखरनाळेच्या अरुंद, चढत्या घळीतून धापा टाकत वर आलं की एक मोकळा माळ लागतो. त्याचं नाव अळणीचा माळ. या माळावर मीठ खात नाहीत. शहरातून डोंगर चढायला येणारी मंडळी आधी हसतात, पण वाट दाखवायला दुंदाबाबा लोहकरे असले की वेफर्सची पुडीसुद्धा पिशवीबाहेर निघत नाही. चालायचंही त्यांच्याच रीतीने. सगळ्यात हळू चालणारा पुढे, त्याच्या चालीने बाकीचे मागे. कुणी घाई केली तर बाबा म्हणतात, "दमानं घ्या. डोंगर काय कुठं पळून चाललाय?" असं का, याची एक गोष्ट सांगतात.

फार पूर्वी खालच्या वाडीतली माणसं वर्षातून एकदा मिळून या नाळेने वरच्या देवीला जात. माळावर सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक व्हायचा, म्हणून प्रत्येकाने काहीतरी उचलून न्यायचं. कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी हंडा. ठमाच्या वाट्याला मीठ यायचं. ठमाचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला होता, मूलबाळ नव्हतं, थोरल्या दिराच्या घरात ती राबून खात होती. तिच्याशी बोलणं व्हायचं ते कामापुरतं. त्यामुळे या एका दिवसाची ती वर्षभर वाट बघायची. चालता चालता कुणीतरी दोन शब्द बोलेल, एवढीच तिची आशा असायची म्हणे.

त्या वर्षी वाटेत मेळ्याचे दोन भाग पडले. तरणी मंडळी थट्टामस्करी करत पुढे गेली, म्हातारीकोतारी मागे रेंगाळली, आणि ठमा मधल्या मधे एकटी पडली. पुढच्यांना गाठायचं तर पाय उचलत नव्हते, मागच्यांसाठी थांबायचं तर आपण कुणाच्या कोण, हा संकोच. नाळेच्या अरुंद जागी पायाखालचा धोंडा निसटला आणि तिचा पाय मुरगळला. ती कशीबशी एका कपारीत सरकून बसली. धुकं दाटलं होतं. मागची माणसं आली आणि गप्पांच्या नादात तिच्यापासून चार पावलांवरून निघून गेली. तिने हाक मारली नाही. मारायची तर कुणाच्या नावाने, हेच तिला सुचेना.

माळावर सगळे जमले. पुढच्यांना वाटलं ती मागच्यांत असेल, मागच्यांना वाटलं पुढच्यांत. खरं सांगायचं तर कुणाला काही वाटलंच नव्हतं. चूल पेटली, भात झाला, डाळीला उकळी आली, तेव्हा कुणीतरी विचारलं,

"मीठ कोनाकडं?"

"ठमीकडं."

"आन् ठमी कुठं हाय?"

तिचा दीर राघू हाका मारत नाळ उतरला. "ठमेऽ, ए ठमे!" आपलं नाव असं मोठ्याने घेतलेलं तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आपली आठवण झाली, आपल्यासाठी कुणीतरी माघारी आलं, या सुखाने तिला रडू फुटलं. कपारीला धरून ती उभी राहिली. धुक्यातून राघू दिसला. तो लांबूनच म्हणाला, "मीठ सांडलं न्हाई ना?"

ठमाचं रडू तिथंच आटलं. तिने कनवटीची पुरचुंडी काढून त्याच्या हातात दिली. पायाचं काही सांगितलं नाही. "तुमी व्हा म्होरं," म्हणाली. "मी येते माझ्या चालीनं." राघूनेही आग्रह केला नाही. वर पानं मांडली होती ना.

ते मीठ डाळीत पडलं, पण डाळ अळणीच राहिली म्हणे. पुरचुंडी रिकामी झाली तरी जिभेला चव लागेना. तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. राघू भरल्या पानावरून उठला आणि नाळेत धावला. दिवस मावळेपर्यंत वाडीने नाळ पालथी घातली, पण ठमा सापडली नाही. काही म्हणतात ती कोकणात उतरली, काही म्हणतात डोंगराने तिला पोटात घेतलं. बाबांना विचारलं तर म्हणतात, "गेली बिचारी. ऱ्हाऊन तरी काय करनार व्हती?"

पुढच्या वर्षी दुसरं मीठ नेलं, तरी तेच झालं. मग वाडीने देवीपुढे शपथ घेतली. माळावर मीठ आणायचं नाही, हळू चालणाऱ्याला मागे टाकायचं नाही, आणि सगळ्यांची नावं घेतल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही.

आजही माळावर जेवायला गोल करून बसलं की बाबा सगळ्यांना थांबवतात. शहरातली मंडळी सवयीने डोकी मोजायला लागतात. बाबा म्हणतात, "मुंडकी मोजू नका, शेरडं हायेत का? नावं घ्या." मग ज्याने त्याने शेजारच्याचं नाव सांगायचं. नावं भराभर येतात, हशा पिकतो, आणि कुठेतरी अडतं. सकाळपासून सोबत चाललेल्या माणसाकडे शेजारी नुसता बघत राहतो. दुसऱ्या कुणालाही ते नाव ठाऊक नसतं. असा एक जण बहुतेक प्रत्येक मेळ्यात निघतो. कुणीतरी उठून त्याला नाव विचारेपर्यंत सगळे हातात घास धरून बसतात.