काळीच्या भेगा

फार जुनी गोष्ट. एका उंच माळावर काळा कातळ झिजून झिजून त्याची चिकण काळी माती झाली होती. तिच्यावर देवीचं लहानसं देऊळ होतं. वैशाखात माती तापून हात हात फाटली, तशी देवळाची भिंत म्हणाली, "अगं काळे, देवीच्या दारात असं फाटकं अंग घेऊन पडतेस? लाज नाही वाटत?"

पण रोज दिवा लावायला येणाऱ्या गोजराबाईला तिची दया आली. तिनं नेम धरला, भेगांत रोज पाच पाट्या मुरूम भरायचा.

"नको गं बाई," माती म्हणाली. "पाऊस पिऊन मी फुगते. या भेगा म्हणजे माझी तेव्हाची जागा आहे."

"धरलेला नेम मोडू कशी?" म्हणत गोजराबाईनं शेवटची भेगही बुजवली.

श्रावणात माती फुगली. तिला सरकायला जागा नव्हती. ती भिंतीला रेटत गेली आणि भिंत कोसळली.

"सूड उगवलास ना?" पडता पडता भिंत म्हणाली.

"नाही गं. मला अंग चोरायलाही जागा उरली नव्हती."

पुढच्या वैशाखात गोजराबाईनं उघड्यावर बसलेल्या देवीला हळदकुंकू वाहिलं आणि भेगांतला मुरूम उपसायला घेतला. नेम तोच, रोज पाच पाट्या.