वाकडं दार आणि पारखीबुवा

एक गाव होतं, पण ते शोधायला नकाशा घेऊन निघालात तर फसाल. कारण ते वसलं होतं एका लहान मुलीच्या श्वासनळीत. शाळेच्या पुस्तकात अशा गावाला पेशी म्हणतात. मोहरीच्या एका दाण्यात अशी कितीतरी गावं मावली असती, पण लहान म्हणून त्याला कमी लेखू नका. तिथे वेस होती, रस्ते होते, भट्ट्या होत्या, हमाल होते. आणि एवढे सगळे एका गावात राहत होते म्हटल्यावर कुरबुरीही होत्याच.

गावाची वेस मोठी गमतीची. विटांची नाही, दगडांची नाही, तर तेलाच्या दुहेरी पडद्याची. त्या तेलातून मिठाला काही केल्या जाता येत नसे. त्याला दार लागे, आणि तेही त्याचं स्वतःचं. साखरेच्या दारातून मीठ गेलेलं तिथे खपत नसे.

हे मिठाचं दार फार मोलाचं. त्यातून मीठ बाहेर पडलं की त्याच्या मागोमाग पाणी बाहेर जायचं. पाण्याने वेशीबाहेरचा चिकट कफ सैल व्हायचा. मग वेशीवरचे झाडूवाले आपले केसासारखे बारीक झाडू हलवून धुळीसकट तो कफ वर ढकलून द्यायचे.

पण या गावात मिठाचं एकही दार वेशीपर्यंत पोचत नव्हतं. कफ डिंकासारखा घट्ट झाला होता आणि झाडू त्यात रुतून बसले होते. आणि ती मुलगी? ती हसायला घाबरायची. हसू आलं की खोकला यायचा, आणि एकदा आला की थांबायचं नाव घ्यायचा नाही.

असं का झालं, तेही सांगते. गावात दार घडवायचं म्हणजे आधी मण्यांची लांबच लांब माळ ओवायची. ती माळ घडीमावशीकडे यायची. मावशी इथे दुमड, तिथे पीळ दे, असं करत करत माळेचं दार करायची. या गावाच्या मिठाच्या दाराच्या माळेत मात्र पहिल्यापासून एक मणी कमी. एकच बरं का! पण तेवढ्याने दार कमरेत वाकडं व्हायचं.

मावशीच्या घडीघराच्या उंबऱ्यावर पारखीबुवा बसलेले असायचे. ते दाराकडे एकदा बघायचे, एकदा चाचपायचे आणि म्हणायचे, "वाकडं. जात्यात घाला." जातं त्याचे मणी सुटे करायचं आणि ते पुन्हा नव्या माळांना जायचे.

बुवा दुष्ट नव्हते हं. कधीकाळी वाकड्यातिकड्या वस्तूंचा गुंता होऊन गावातले रस्ते तुंबले होते, भट्ट्या विझायला आल्या होत्या. तेव्हापासूनचा हा दंडक, आणि बुवा तो इमानाने पाळत. पण एक गंमत पाहा. दारं पारखायची ती गावाच्या आत, जिथे ना वेस, ना पलीकडे काही. तिथे दार उघडणार तरी कशात? त्यामुळे दार उघडताना कसं दिसतं, हे बुवांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते नुसता आकार पाहत आणि निकाल देत.

एके सकाळी गावात एक पाहुणा आला. मुलीच्या आईने तुपाच्या शिऱ्याबरोबर तिला एक गोळी दिली होती, त्या गोळीतला हा, पोटातून रक्तात उतरून इथवर वाहत आलेला. अंगाने एवढासा, आणि तेलात विरघळणारा. त्यामुळे त्याला दारबीर काही लागलं नाही, वेशीतूनच सुळकन आत शिरला.

फिरत फिरत तो घडीघरात पोचला, तेव्हा मावशीच्या हातात नुकतंच घडवलेलं दार थरथरत होतं.

"मावशी, मीपण जात्यात जाणार का गं?" दाराने विचारलं.

मावशीने नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मावशी," पाहुणा म्हणाला, "या लेकराच्या कमरेशी खळगा दिसतोय. मी त्यात बसतो. बघू, टेकू मिळतो का."

तो बसला. दार जरा ताठ झालं. पुरतं सरळ नव्हे, पण लटपटायचं मात्र थांबलं.

पारखीबुवांनी ते चाचपलं आणि मान हलवली. "अजून वाकडंच आहे."

"आहे. पण आता पडत नाही, बुवा."

"नियम म्हणजे नियम, मावशी."

मावशी कधी आवाज चढवणारी नव्हती. त्या दिवशीही तिने चढवला नाही. पण ती दारापुढून हललीही नाही.

"बुवा, तुम्ही म्हणालात म्हणून आजवर माझी एकेक लेकरं मी जात्याच्या तोंडी दिली. हूं की चूं केलं नाही. आज एकच विचारते. दार उघडताना तुम्ही कधी पाहिलंय का हो?"

बाहेर हमाल गाठोडं बांधायला उभाच होता. तो म्हणाला, "मग चला की बुवा माझ्यासंगं वेशीवर! दाराशेजारी बसा गाठोड्यात. मला काय, एक न्यायचं तिथं दोन न्येतो."

दार वाटेत मोडलं, त्याचा गुंता झाला, रस्ता तुंबला, तर सगळं गाव बुवांच्याच नावाने बोटं मोडणार होतं. आणि दार जात्यात घातलं तर कोणी काहीच म्हणणार नव्हतं. त्यांनी जात्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"चल," ते म्हणाले. "पण वाटेत मोडलं, तर मी स्वतः परत आणीन."

त्या गावातले हमाल म्हणजे दोन पाय आणि डोक्यावर गाठोडं, बाकी काही नाही. दोरीसारख्या रस्त्यावरून एक पाऊल टाकायचं, भट्टीतला एक निखारा खर्चायचा, की दुसरं पाऊल. गाठोडं हेलकावे खाऊ लागलं.

"बुवा, तुम्हाला भीती वाटते का?" दाराने विचारलं.

"वाटते," बुवा म्हणाले. हे ते आयुष्यात पहिल्यांदाच कबूल करत होते.

"मलापण."

मोठा हेलकावा आला, तसा बुवांनी दाराच्या वाकड्या कमरेखाली हात दिला. आणि वेस येईपर्यंत तो काढला नाही.

गाठोड्याचं कापडही वेशीसारखंच तेलाचं होतं. आमटीवरचे तेलाचे दोन थेंब जवळ आले की कसे एक होतात? तसं गाठोडं वेशीला टेकलं आणि वेशीचंच होऊन गेलं. दार आपोआप वेशीत बसलं आणि बुवा आतल्या बाजूला टुपकन पडले.

दार करकरलं. थोडं हललं, अडलं, पुन्हा करकरलं.

"जोर लाव रे बाळा!" हे कोण ओरडलं असेल? अहो, पारखीबुवाच!

दार उघडलं. अर्धंमुर्धंच, पण उघडलं. मीठ भसाभसा बाहेर निघालं, त्याच्यामागे पाणी धावलं. बाहेरचा कफ हळूहळू सैल झाला आणि वरून एका झाडूवाल्याची आरोळी आली, "अगं बाई! माझा झाडू हलला!"

पारखीबुवा तिथेच बसून ढसाढसा रडले. "अशी किती लेकरं मी जात्यात घातली रे!"

हमालालाही भरून आलं, पण तो कामाचा गडी. "रडायला मागनं बसा, बुवा. तिकडं मावशीनं अजून दारं घडवली असतील. मी फकस्त वेशीकडं जाणारा. परतीचा हमाल त्यो बघा तिकडं, निघालाय. बसा चटशिरी."

बुवा परतले आणि पुन्हा उंबऱ्यावर बसले. नियम त्यांनी मोडला नाही. टेकू देऊनही जी उभी राहत नसत, ती दारं आजही जात्यातच जात, कारण गुंत्याची भीती काही खोटी नव्हती. पण आता चाचपण्याआधी ते दाराच्या कमरेखाली हात द्यायचे आणि मावशीला विचारायचे, "पाहुण्याला बसवून पाहिलंत ना?" पाहुण्याचे भाऊबंदही रोज शिऱ्याबरोबर येतच होते. शेजारच्या गावांतही हाच रिवाज पडला.

असे बरेच दिवस गेले. एकदा मुलीच्या बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तोच चष्मा घरभर शोधत बसले. मुलीला खुदकन हसू आलं. सवयीने तिचा हात छातीवर गेला, आणि ती खोकल्याची वाट पाहत थांबली.

खोकला आला नाही.

मग खात्री करून घ्यायला ती पुन्हा एकदा हसली. या खेपेला मोठ्याने.

तात्पर्य: वाकडं म्हणून टाकून देण्याआधी टेकू देऊन पाहावं, आणि ज्याच्या कामाचा निवाडा करायचा, त्याच्या कामाच्या जागी एकदा तरी जाऊन यावं.