शेंदूर लागलेला दगड

देवांना अजून नावेही नव्हती, तेव्हापासून एका माळावर काही उंच दगड रिंगण धरून उभे होते. गावच्या म्हशी त्यांना पाठ घासत. एकदा हरवलेली शेळी एका दगडाच्या सावलीत सापडली, म्हणून गावाने त्याला तेल-शेंदूर फासला.

लगेच तो दगड भुरी नावाच्या म्हशीवर डाफरला, "लांब राहा गं! मी आता देव आहे."

"मग नीघ माळावरून!" टिटवी किंचाळली. "उद्या गावकरी पहारी घेऊन येताहेत. तुला उपटून गावातल्या देवळात कोंडणार आहेत."

दगड हादरला. हा वारा, हे रिंगणातले भाऊ, सगळेच सुटणार! "भुरे, ये गं बाई. पाठ घास, जोरात घास!"

"देवाला खाज सुटली वाटतं," म्हैस हसली, पण आली. संध्याकाळपर्यंत सगळा शेंदूर तिच्या पाठीवर गेला.

सकाळी गावकरी बुचकळ्यात पडले. शेंदराशिवाय देव ओळखायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात लालभडक म्हैस दिसली. सगळ्यांनी हात जोडले आणि तिला हार घालून वाजतगाजत नेले.

"तुझा मान गेला रे," शेजारचा दगड म्हणाला.

"जाऊ दे," तो ऊन खात म्हणाला. "दुसरी म्हैस येतेय का बघ."