टिचकूचा घरचा सॉस

एक होतं बीळ. बिळात राहायचा टिचकू उंदीर. नाक एवढंसं, पण खुपसायचं सगळीकडे!

टिचकूची धाकटी बहीण चिमी. चिमीचा ताप उतरला, पण तोंडाला चवच नाही. चिमी म्हणाली, "मी नाही भाकरी खाणार. लाल लाल सॉस असेल तरच खाईन."

टिचकूने घरातली सॉसची बाटली उपडी केली. थप थप थप! एक थेंब पडेल तर शपथ!

टिचकू गेला दुकानात. टुणुक टुणुक. दुकानदार झुंबरशेठ म्हणाले, "नवी बाटली हवी? आधी पैसे आण."

उंदराकडे कुठले आले पैसे!

टिचकूने रिकाम्या बाटलीचं बूच हुंगलं. सूं सूं. यात असतं तरी काय? जरासं चाटलं. चटक!

"आंबट... हा टमाटा! गोड... हा गूळ! हा हू हा हू... ही मिरची! अरेच्चा, हे तर सगळं घरात आहे की!"

मग काय! टिचकू गेला अंगणात. टुणुक टुणुक.

"पाट्या पाट्या, सॉस वाट ना!"

पाटा म्हणाला, "मी झालोय गुळगुळीत. सगळं घसरतं. टाकीवाल्या मावशीने ठोकून खरखरीत केलं, तर वाटीन."

टुणुक टुणुक. टिचकू गेला मावशीकडे.

"मावशी मावशी, टाकी लाव ना!
पाटा सॉस वाटेना,
चिमी काही जेवेना!"

मावशी म्हणाली, "अरे राजा, माझी छिन्नी बोथट. लोहारकाकांनी धार दिली, तर लावीन."

टुणुक टुणुक. टिचकू गेला लोहारकाकांकडे.

"काका काका, धार द्या ना!
मावशी टाकी लावेना,
पाटा सॉस वाटेना,
चिमी काही जेवेना!"

काका म्हणाले, "भट्टी पेटेल तर ना! वाऱ्याने फुंकली, तर देईन."

टुणुक टुणुक. टिचकू गेला माळावर. वारा गवतात लोळत होता.

"वाऱ्या वाऱ्या, भट्टी फुंक ना!
लोहार धार देईना,
मावशी टाकी लावेना,
पाटा सॉस वाटेना,
चिमी काही जेवेना!"

वाऱ्याने दिली जांभई. "आऽऽ! पिंपळाने पानं हलवून उठवलं, तर फुंकीन."

टुणुक टुणुक. दमला बिचारा! टिचकू गेला पिंपळाकडे.

"पिंपळा पिंपळा, पानं हलव ना!
वारा भट्टी फुंकेना,
लोहार धार देईना,
मावशी टाकी लावेना,
पाटा सॉस वाटेना,
चिमी काही जेवेना!"

पिंपळ म्हणाला, "उगाच का हलू? कुणी गुदगुल्या केल्या, तर हलेन."

टिचकूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं.

"गुदगुल्या? त्या तर मलाच करता येतात!"

सरसर सरसर टिचकू वर चढला. गुदुगुदु गुदुगुदु!

पिंपळ हसला, खी खी खी! पानं हलली, सळसळ सळसळ.
वारा उठला. भट्टी फुंकली, फू फू फू.
काकांनी छिन्नीला धार दिली, ठण ठण ठण.
मावशीने पाट्याला टाकी लावली, ठक ठक ठक.
पाटा झाला खरखरीत. टमाटा, गूळ, मिरची आणि चिमूटभर मीठ. घर्र घर्र, घर्र घर्र...
झाला की लाल लाल सॉस!

चिमीने बोट बुडवलं. चाटलं. डोळे मिटले. टिचकूचा जीव टांगणीला.

"दादा..."

"काय गं?"

"भाकरी कुठंय?"

चिमीने अख्खी भाकरी खाल्ली. बोटंसुद्धा चाटली! उरलेला सॉस टिचकूने त्याच जुन्या बाटलीत भरला. काठोकाठ.

वास घेत घेत झुंबरशेठ आले. "का रे टिचकू, कुठल्या दुकानातून आणलास?"

चिमी तोंड पुसत म्हणाली, "आमच्या पाट्यावरून!"

आणि बूच? बुचाला लागलेला सॉस कुणी चाटला?

टिचकूने. चटक!