लिंबाजीचं तुणतुणं आणि रुसलेलं जातं

गोधडी ओढू नका गं, फाटेल. सरका जवळ. हं.

एक होतं गाव. त्या गावात सगळ्यांना घर होतं, बरं का. उंदराला बीळ, चिमणीला वळचण, राजाला राजवाडा. घर नव्हतं फक्त लिंबाजीला. त्याच्याकडे होतं एक तुणतुणं आणि एक घोंगडं. दिवसभर गल्लोगल्ली गाणी म्हणायची, कुणी भाकरी दिली तर खायची, आणि दिवस मावळला की पाठ टेकायला जागा शोधायची.

एकदा तो तेल्याच्या ओट्यावर झोपला. तेल्यानं हुसकून लावलं. मग गेला धर्मशाळेत. तिथं ढेकणांनी फोडून काढला. मग कुंभाराच्या भट्टीशेजारी पडला. ऊब छान लागली, पण सकाळी बघतो तर अर्धी मिशी जळालेली! दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. लिंबाजीनं त्या तिन्हींची गाणी केली. पहाटे तुणतुणं वाजवत म्हणायचा,

ढेकणांच्या घरी, लगीन मोठं थाटाचं,
वऱ्हाडी मी एकटा, जेवण माझ्या पाठीचं!

तेव्हा घराघरात बायका दळायला बसलेल्या असायच्या. त्यांनी ती गाणी उचलली. दळायच्या नि हसायच्या. पण हसता हसता डोळे भरून यायचे, कारण शेवटी तो म्हणायचा,

आभाळाचं छप्पर, गळतं गं चहूकडं,
सांग माझ्या बहिणी, घोंगडं टाकू कुणीकडं?

मग बायका ओवीतच त्याला भाऊ म्हणायला लागल्या. आता त्या गावची रीत अशी, की जातं म्हणजे घरातला देव. त्याच्यापुढे खोटं बोलायचं नाही. जात्यावर ज्याला भाऊ म्हटलं, तो भाऊच. पण ही रीत ठाऊक फक्त बायकांना. पुरुष कुठं दळायला बसतात?

मग दिवाळी जवळ आली. राजाकडे मोठे पाहुणे येणार होते. राजानं दवंडी पिटवली, ज्याला घर नाही त्यानं गावात दिसायचं नाही. असा होताच कोण? शिपायांनी लिंबाजीला वेशीबाहेर नेऊन सोडलं. बिचारा बाभळीखाली बसून राहिला. घर नव्हतं, पण गाव तरी होतं. आता तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी बायका चकलीची भाजणी दळायला बसल्या, तर जातं फिरेना! तेलिणीनं जोर लावला, फिरेना. कुंभारणीनं फुलं वाहिली, फिरेना. राजवाड्यात राणीनं दोन्ही हातांनी खुंटा धरला, तरी फिरेना. रुसलंच होतं ते.

राजाला चकली म्हणजे जीव की प्राण. इथंही असं एक जण आहे, मी नाव नाही घेत. तो तणतणत राणीकडे गेला, फराळाचं काय झालं म्हणून.

राणी म्हणाली, "माझा भाऊ वेशीबाहेर बसलाय. तो आल्याशिवाय जातं फिरायचं नाही."

राजा म्हणाला, तू तर एकुलती एक, तुला भाऊ कुठला? मग राणीनं रीत सांगितली. राजा मटकन खाली बसला. ऐन सणाला त्यानं आपल्याच मेव्हण्याला गावाबाहेर काढलं होतं!

अनवाणीच धावला वेशीकडे. वाटेत तेली भेटला, तोही धावत होता. मागून कुंभार. प्रत्येकाच्या बायकोनं घरी हेच सुनावलं होतं. अख्खा गाव लिंबाजीचा दाजी निघाला!

राजानं हात जोडले, म्हणाला, चुकलो, काय हवं ते मागा.

लिंबाजी म्हणाला, "दाजी, घोंगडं टाकायला एक जागा द्या. तिथून कुणी ऊठ म्हणू नये, एवढंच."

त्यानं वेशीत पाऊल टाकलं मात्र, घरोघरी जातं घरघरायला लागलं. मग काय विचारता! राजानं माती कालवली, कुंभारानं कौलं दिली, तेल्यानं दिव्याला तेल. लिंबाजीनं एकच हट्ट धरला, ओटा मोठा हवा, वाटसरूला निजता यावं असा. भाऊबीजेला त्याच्या दारात बायकांची ही रांग, पुढं राणी. ओवाळणीला प्रत्येकीच्या ताटात त्यानं एकेक नवं गाणं घातलं.

आता तुम्ही म्हणाल, घर मिळालं, गाणी संपली. छे! पहिल्याच रात्री आढ्यावरची पाल त्याच्या नाकावर पडली, की झालं तिचं गाणं. तेच गुणगुणत तो आपल्या घरात झोपी गेला, आणि त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही.

तुम्हालाही कुणी म्हणत नाही. चकल्या सकाळी. मिटा डोळे.