उकिरड्यावरची स्ट्रॉबेरी

शीतगडच्या राजाच्या ताटात कुजकी स्ट्रॉबेरी आली आणि गडावर एकच हाहाकार माजला!

"थंडी पडली, धुकं उतरलं, की फळावर करडी बुरशी!" गजेंद्रराजे गरजले. "मला न कुजणारी जात हवी! दोन हिवाळे देतो. आणि तोवर माझ्या बागेत एकही फळ कुजलेलं दिसता कामा नये. दिसलं, किंवा जात मिळाली नाही, तर माळ्याला गडाखाली हाकला!"

माळी म्हणजे भिवा. हुकूम ऐकून त्याच्या मुलीच्या, सोनकीच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

हुकमाची अंमलबजावणी उद्यानपंडित विश्वंभरशास्त्र्यांकडे होती. पंडितांनी जन्मात मातीला हात लावला नव्हता. मातीवर बोलत मात्र तासन्‌तास. त्यांनी रोपांवर रेशमी चादरी घातल्या, वाफ्यांत शेगड्या पेटवल्या, आणि डागी फळ उजाडायच्या आत तोडून तटापलीकडच्या उकिरड्यावर फेकायला लावलं. बाग कशी चकाचक! राजे खूश!

"बाबा, सगळ्यांनाच असं जपलं तर दमाचं रोप कुठलं ते कळायचं कसं?"

"हळू बोल गं! पंडित ऐकतील."

"ऐकू देत. ऐकून त्यांना कळणार थोडंच आहे!"

फळं फेकायचं काम सोनकीचंच होतं. एका सकाळी उकिरड्यावर तिला एक रोप दिसलं, फेकलेल्या फळाच्या बीतून उगवलेलं. भोवती नुसता सडक्या फळांचा चिखल, आणि रोपावर बोराएवढी लालभडक फळं. एकालाही बुरशी नाही!

सोनकीने कोंबडीचं पीस घेतलं. त्या रोपाचे पराग बागेतल्या टपोऱ्या, गोड जातीच्या फुलांना लावले. धरलेल्या फळांचं बी तिने उकिरड्यावरच पेरलं. शंभर रोपं आली. पुढच्या हिवाळ्यात त्यांना ना चादर, ना शेगडी. उलट प्रत्येकाच्या बुडाशी तिने मुद्दाम कुजकी फळं ठेवली. त्र्याण्णव रोपांची फळं नासली. सात तग धरून राहिली.

मुदत संपली. राजे आले, आणि पंडित पुढे धावले.

"घात झाला महाराज! या पोरीने जाणूनबुजून फळं कुजवली! हुकूम मोडला!"

"खरं का गं?"

"अगदी खरं महाराज, भरपूर कुजवली! पण हुकूम बागेपुरता होता. उकिरड्यावर काही कुजू नये, असा कायदा पंडितांनी केला असेल तर दाखवावा!"

राजांनी मिशीतलं हसू दाबलं. पंडितांची निवडक फळं आणि सोनकीची फळं शेजारीशेजारी, उघड्या धुक्यात ठेवायला सांगितली. पाचव्या दिवशी पंडितांच्या फळांना खुद्द पंडितांपेक्षा लांब दाढी आली होती! सोनकीची फळं तशीच टवटवीत. राजांनी एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"गोड आहे! पण पोरी, एवढ्या मोठ्या पंडितांना जमलं नाही, ते तुला कसं जमलं?"

"पंडितांनी कुजकं तुमच्या नजरेआड केलं, महाराज. मी ते रोपांच्या पुढ्यात ठेवलं!"

"वा! मग दरबारात दमाची माणसं कशी निवडू, तेही सांग."

"शेगड्या काढून घ्या आणि चार दिवस धुक्यात उभे करा. टिकतील ते तुमचे!"

पंडितांना तिथल्या तिथे शिंक आली. राजे पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. भिवाचं गडावरचं घर त्यांनी कायमचं त्याच्या नावे केलं, आणि पंडितांच्या डोक्यावरची उद्यानपंडिताची पगडी स्वतः उतरवून सोनकीच्या हातात दिली.