अध्यक्षांचं लाल बोट

कडेवळणच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा निघाली. मुलाखतीला रेवती धोंगडे आली, पण अध्यक्ष नानासाहेब खर्डेकरांनी ती जागा मनातल्या मनात पुतण्याला देऊन टाकली होती. त्यांच्या तोंडात विडा होता आणि बोटं काताने लाल झाली होती. बोट जिभेला लावत त्यांनी तिचा चार पानी अर्ज उलटला, मग कपाटाकडे मान उडवली.

“त्यातलं पुस्तकन् पुस्तक मी वाचलंय. तेवढं वाचलेलाच इथे बसेल. तुझं काय?”

“माझी अकरा झालीत,” रेवती म्हणाली, “आणि तुमचं एकही नाही.”

“कशावरून?” नानासाहेब कडाडले.

रेवतीने अर्ज उचलून समितीच्या सभासदांपुढे धरला. चारही पानांच्या कोपऱ्यावर लाल बोट उमटलं होतं.

“तुम्ही पान उलटलं की एवढी खूण राहते. कपाटात अशी एक दाखवा, मी आत्ता घरी जाते.”

सभासदांनी कपाट उपसलं. लाल बोट कुठेच सापडलं नाही. जागा रेवतीला मिळाली.

“किती दिवस टिकतेस तेच बघतो!” नानासाहेब गुरगुरले.

“बघा की,” रेवती म्हणाली. “फक्त पुस्तक न्यायला याल तेव्हा हात धुऊन या.”